जोगत्याचा जग आणि कायद्याचे कलम

सन २०१९ मध्ये संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा जो कायदा केला, त्यातील व्याख्येच्या कलमात किन्नर, हिजडा आणि अरावनी या शब्दांच्या पंक्तीस 'जोगता' हा शब्द बसविलेला होता. किन्नर हा उत्तरेकडचा, अरावनी हा तमिळनाडूतील कूवागमच्या जत्रेचा. जोगता मात्र आपला. बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज, कोल्हापूर, मिरज या टापूतील कोणत्याही घराच्या उंबऱ्याशी मंगळवारी किंवा शुक्रवारी जो शब्द भंडाऱ्याच्या वासासह उभा राहतो, तो भारताच्या राजपत्रात छापला जावा ही गोष्ट आम्हांस मोठ्या कुतूहलाची वाटली. त्याआधी पाच वर्षे, १५ एप्रिल २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात तृतीय लिंगास मान्यता देताना रेणुकादेवीचे सेवक म्हणून जोगते व जोगप्पा यांचा नावानिशी उल्लेख केला होता. आपल्या परिसरात देवळे चालविणाऱ्या, जत्रा भरविणाऱ्या आणि उत्सवाच्या पट्ट्या गोळा करणाऱ्या मंडळींनी या शब्दामागील माणसाचा इतिहास एकदा नीट पाहावा, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

सौंदत्तीचा डोंगर बेळगाव जिल्ह्यात, मलप्रभेच्या खोऱ्यात आहे. मराठी मुलखातून तेथे जाणारा भक्त देवीस रेणुका म्हणतो, कानडी भक्त यल्लम्मा म्हणतो, आणि जोगुळभावीच्या कुंडात दोघेही एकाच पाण्याने न्हातात. जमदग्नीची पत्नी, परशुरामाची माता, पतीच्या आज्ञेवरून पुत्राच्या हातून शिरच्छेद झालेली आणि पुन्हा उठलेली ही देवी. पुराणकथा बहुतेकांस ठाऊक असते. परंतु तिचा लोकांनी जपलेला एक धागा पोथीवाल्यांच्या कथनात सहसा येत नाही. परशुरामाच्या आधी ज्या थोरल्या पुत्रांनी मातेवर शस्त्र उचलण्यास नकार दिला, त्यांना पित्याने पुरुषत्व हरपण्याचा शाप दिला, आणि तेच आईचे पहिले जोगते झाले, असे डोंगरावर सांगतात. ही कथा ऐतिहासिक पुरावा म्हणून कोणी मांडू नये हे उघड आहे. पण तीत कोणाचा पक्ष घेतलेला आहे हे पाहण्यासारखे आहे. शापित ठरले ते आईवर हात न टाकणारे.

जोगता होणे म्हणजे देवीस वाहिले जाणे. लाल-पांढरे मणी गळ्यात बांधतात. त्यास कोणी 'दर्शन बांधणे' म्हणतो, कोणी 'मोती बांधणे'. त्यानंतर तो लुगडे नेसतो, कपाळभर कुंकू-भंडारा लावतो, कवड्यांची माळ घालतो, हातात परडी घेतो आणि देवीचा जग डोक्यावर वाहतो. जग म्हणजे पाटीत किंवा घटावर बसविलेला देवीचा मुखवटा, मोरपिसांनी व खणांनी सजविलेला. मुलाच्या केसांत जट झाली, घरात आजार हटेना, किंवा मुलगा मुलींत रमू लागला, बोलण्याचालण्यात बायकी दिसू लागला, की 'देवी लागली' असा निर्णय होतो. उत्तरेकडील हिजड्यांच्या परंपरेत अंगच्छेदाचा जो विधी असतो, तो जोगत्यांत परंपरेने आवश्यक मानलेला नाही. काहींची आधी लग्नेही झालेली असतात. हा फरक आम्ही मुद्दाम नोंदवितो, कारण शहरी माणसास सर्व एकच दिसतात. मार्गशीर्षी पौर्णिमेस, जमदग्नीच्या वधाच्या स्मरणार्थ, देवीस वैधव्य येते आणि तिच्या सेवेकऱ्यांचेही चुडे फुटतात. माघी पौर्णिमेस पुन्हा बांगड्या भरल्या जातात. वर्षातून एकदा विधवा होणारी आणि पुन्हा सवाष्ण होणारी ही सेवा ज्याने जवळून पाहिली आहे, त्यास 'सोंग' हा शब्द उच्चारताना जीभ अडखळल्यावाचून राहणार नाही.

आणि या सेवेची कला आहेच. चौंडके हे वाद्य आमच्या संगीतसभांत कधी दिसत नाही. लाकडी नळकांडे, एका तोंडास कातडे, कातड्याच्या मध्यातून ओवलेली तार. नळकांडे डाव्या काखेत दाबायचे, तार मुठीत ताणायची आणि उजव्या हातातील काडीने छेडायची. ताण कमीजास्त केला की सूर चढतो-उतरतो. त्यामुळे हे एकच वाद्य ताल आणि स्वर दोन्ही सांभाळते, आणि गाणाराच्या हुंकाराशी असे मिसळते की कंठ कोठे संपला व तार कोठे सुरू झाली हे कळू नये. जोडीला तुणतुणे आणि झांज. नृत्यात जग डोक्यावर तोलून, हात न लावता, गुडघ्यांत वाकत जमिनीपर्यंत जाऊन पुन्हा उठायचे असते. ज्यांना यात केवळ भीक मागण्याची क्लृप्ती दिसते त्यांनी एकदा रिकामी घागर डोक्यावर ठेवून घरातल्या घरात चार पावले टाकून पाहावीत. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी याच मागत्यांचा जोगवा उचलून त्याचे भारूड केले, आणि आज तो जोगवा आपल्या देवघरांतून नवरात्रात भक्तिभावाने गाइला जातो. मूळ जोगवा मागणारास मात्र आपण उंबऱ्याबाहेरच ठेवले.

गोव्याच्या वाचकांस हे सर्व घाटावरचे, आपल्यापासून दूरचे वाटेल. तसे नाही. सोळाव्या शतकात धर्मच्छळामुळे वेर्ण्याहून मार्दोळास आलेली श्रीम्हाळसा नारायणी ही विष्णूचे मोहिनीरूप मानली जाते आणि तिच्या अंगावर यज्ञोपवीत असते. देवी म्हणून ओटी भरावी आणि जानवे पाहून नारायण म्हणावे, यात आपल्या पूर्वजांस काही विसंगती वाटली नाही. पेडण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत देवळांच्या प्रांगणांत रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या दशावतारी नाटकांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत आले. लिखित संहिता नसताना आख्यान रंगविण्याचे त्यांचे कसब, आणि त्यातही राणीच्या वेषातील नटाने घातलेला विलाप, हे ज्याने कडाक्याच्या थंडीत घोंगडीवर बसून ऐकले आहे त्यास आम्ही काय सांगावे!

शिष्ट रंगभूमीचीही गोष्ट हीच. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे, म्हणजे यल्लम्माच्याच मुलखात झाला. त्यांचे शाकुंतल १८८० साली पुण्यास रंगभूमीवर आले. पुढे वडोदऱ्याचे भाऊराव कोल्हटकर शकुंतला होऊन गाऊ लागले, आणि १९०५ साली नारायणराव राजहंस त्याच किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. बालगंधर्वांच्या शालूंची व नथीची नक्कल घरंदाज स्त्रियांनी केली, १९६४ साली सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. येथे एक भेद सांगितलाच पाहिजे, नाहीतर आमच्यावर वडाची साल पिंपळास लावल्याचा आरोप येईल. रंगभूमीवरील स्त्रीपार्टी नट पडदा पडला की पागोटे घालून घरी जात असे, त्याचा प्रपंच चालू असे. त्याच्या वेषावरून त्याच्या अंतरंगाचे अनुमान काढण्याचा अधिकार कोणास नाही. जोगत्याचा पडदा पडत नाही. परंतु आम्हांस खटकते ते निराळे. पुरुषाच्या अंगावर लुगडे पाहून रसिकतेने मान डोलविणारा समाज तोच, आणि तेच लुगडे दारात दिसताच दार लावून घेणाराही तोच. लुगड्यात दोष नव्हता. तिकीट काढून पाहिलेले लुगडे चालत होते.

आता कायद्याकडे वळू. तो आमचा नित्याचा प्रांत. मराठेशाहीत दख्खनच्या हिजड्यांकडे इनाम जमिनी होत्या आणि गावोगाव भिक्षा घेण्याचे परंपरागत हक्क सनदांनी मान्य केलेले होते. राज्यकर्त्यांस त्यांच्याविषयी प्रेम होते असे नव्हे. ज्याची त्याची वृत्ती ज्याला त्याला, हा त्या काळचा न्याय. मुंबई सरकारने १८५० नंतरच्या दशकात, इनाम कमिशनच्या धामधुमीत, हे भिक्षेचे हक्क मानण्याचे नाकारले. पुढे १८६० चे दंडविधान आले आणि त्याच्या ३७७ व्या कलमाने 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंध जन्मठेपेपर्यंत शिक्षापात्र ठरविला. हे कलम इंग्रजांचे. आपल्या स्मृतिग्रंथांत अशा वर्तनास प्रायश्चित्ते सांगितली आहेत खरी, पण स्नानाने फिटणाऱ्या दोषास जन्मठेप लावण्याची कल्पना आपल्या शास्त्रकारांस सुचलेली नव्हती. गोव्यात तर त्याच्याही आधी, १५६० पासून १८१२ पर्यंत चाललेल्या इन्क्विझिशनने या पातकाचा आपल्या अधिकारात समावेश केला होता.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग आम्ही वकिलीच्या प्रारंभी प्रथम वाचला तेव्हा तो पुन्हा वाचावा लागला. प्रथम वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब यांकरिता केलेल्या या कायद्यान्वये संशयित 'नपुंसकां'ची नोंदवही ठेवायची. नोंद झालेल्याने सार्वजनिक जागी स्त्रीवेष वा दागिने घातले, नाच केला, वाद्य वाजविले, तर दोन वर्षांपर्यंत कैद. त्याने मृत्युपत्र करू नये, दान देऊ नये, दत्तक घेऊ नये. म्हणजे कला, वेष आणि वारसा तिन्हींवर एका झटक्यात बंदी. हैदराबादच्या निजामाने याच धर्तीवर १३२९ फसली साली, म्हणजे १९१९ च्या सुमारास, आपला कायदा केला. ब्रिटिश गेले, निजाम गेला, भाषावार प्रांतरचना झाली, तेलंगण वेगळा झाला, तरी तो कायदा पुस्तकात होताच. तेलंगण उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तो घटनाबाह्य ठरविला. कर्नाटकानेही २०११ साली आपल्या पोलीस कायद्यात अशाच नोंदवहीचे कलम घातले होते. १८७१ ची छाया त्यात स्पष्ट दिसत होती. न्यायालयात आव्हान मिळाल्यावर त्याची भाषा बदलावी लागली.

या प्रवाहाविरुद्ध मराठी माणसाने काहीच केले नाही असे मात्र कोणी म्हणू नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. वाचकांनी लैंगिक विषयांवर विचारलेल्या प्रश्नांस, समलिंगी आकर्षणाविषयीच्या प्रश्नांसही, ते त्यात सरळ व शास्त्रीय उत्तरे देत. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांची बाजू मांडावयास उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर. ज्ञान मागणाऱ्यास ज्ञान देणे हा गुन्हा कसा होतो, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. खटला हरला, कर्व्यांस दोनशे रुपये दंड झाला. आंबेडकरांच्या चरित्रांत या प्रकरणास फारशी जागा मिळत नाही, आणि कर्व्यांचे नाव आमच्यातील सोवळी मंडळी आजही चारचौघांत घेत नाहीत. ज्या खटल्यात पक्षकाराची फी बुडण्याची आणि वकिलाची अब्रू जाण्याची शक्यता सारखीच असते तो चालविण्यास काय लागते, हे आमच्या व्यवसायबंधूंस सांगणे नको.

त्याच १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, आणि १९८२ साली कर्नाटकाने देवदासी समर्पणास बंदी करणारा कायदा केला. १९७० नंतरच्या दशकात निपाणी-गडहिंग्लज भागात कार्यकर्त्यांनी या प्रश्नावर जे काम केले, त्याचे मोल आम्ही जाणतो; मुलींचे समर्पण हा पूजेच्या नावाखालील अन्याय होता, त्याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. पण वकिलाच्या नजरेने कलमे वाचली तर दोन्ही कायद्यांत देवदासी म्हणजे 'स्त्री'. वाहिलेला मुलगा त्या व्याख्येत बसत नव्हता. त्यास त्यांत समर्पणापासून संरक्षण नव्हते आणि समर्पणानंतर पुनर्वसनही नव्हते.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही, हेही सांगितले पाहिजे. राजन गवस यांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांत जे जग उभे केले, आणि ज्यांवरून पुढे 'जोगवा' हा चित्रपट निघाला, त्यात मनाविरुद्ध लुगडे नेसविलेल्या पुरुषाची घुसमट आहे. ती खरी आहे. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी. बळ्ळारीकडच्या मंजम्मा जोगती यांना किशोरवयात देवीस वाहण्यात आले; त्यांचा स्त्रीभाव मात्र कोणी लादलेला नव्हता. घराने नाते तोडले, विष घेण्याचा प्रसंग आला, भिक्षा मागावी लागली. मग काळव्वा जोगती या गुरूंकडे त्या जोगती नृत्य शिकल्या. २०१९ साली त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, आणि २०२१ साली राष्ट्रपती भवनात पद्मश्री स्वीकारताना त्यांनी राष्ट्रपतींवरून पदर उतरवून त्यांची दृष्ट काढली. त्यांच्यापुरते पाहता परडी हीच जगण्याची वाट ठरली. अन्य कोणासाठी तीच परडी बेडी झाली असेल. दोहोंतील भेद एकच, संमती. आणि आमच्या समाजाने मुलास विचारण्याची तसदी कधी घेतली नाही. 'देवी लागली' म्हटले की आईबाप सुटतात, गाव सुटते, मुलगा मात्र सुटत नाही.

ज्यांच्या गळ्यात मणी नाहीत, जे आपल्याच घरांत, शाळांत, कचेऱ्यांत वावरतात आणि ज्यांचे मन आपल्यासारख्याच लिंगाच्या माणसावर जडते, त्यांना तर हे देवीचे कवचही नव्हते. विजय तेंडुलकरांनी १९८१ साली 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आणली, तेव्हा स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी प्रेक्षकांनी प्रथमच नायिकेच्या जागी पाहिली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली ३७७ व्या कलमाची धार काढली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ती पुन्हा लावली, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांस गुन्ह्यातून मुक्त केले. विवाहाचा हक्क मात्र २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयाने नाकारला. १ जुलै २०२४ पासून जुने दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तीत ३७७ ची जागाच नाही, त्यामुळे पुरुषावर वा तृतीयपंथी व्यक्तीवर बळजबरी झाल्यास जे कलम लावता येत असे तेही गेले. न्हाणीतील पाण्याबरोबर बाळ फेकल्यासारखे हे झाले, असे आमचे मत आहे.

कायदा नाव देतो. घर देत नाही. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध जोगत्याच्या शिष्याने आमच्याकडे कागद आणले. गुरू निवर्तले होते. राहती खोली गुरूच्या नावावर, आणि जो धाकटा भाऊ हयातीत कधी फिरकला नाही तो हिंदू उत्तराधिकार अधिनियमाची प्रत घेऊन उभा. १९५६ च्या त्या अधिनियमाच्या अनुसूचीत भाऊ आहे, शिष्य नाही. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने १९९० साली हिजड्यांतील गुरु-चेला वारशाची रूढी ग्राह्य धरली आहे, तो निर्णय आम्ही दाखविला. पण तेथे रूढी पुराव्याने सिद्ध झाली होती. जोगत्यांची रूढी सिद्ध करावयास साक्षीदार कोण? ज्या घरांनी चाळीस वर्षे त्या गुरूच्या परडीत पीठ घातले, त्यांतील एकही गृहस्थ कोर्टात येऊन 'हा त्यांचा शिष्य, हे मी पाहिले आहे' एवढे सांगावयास तयार झाला नाही. देवीच्या माणसाचा तळतळाट नको म्हणून ते पीठ घालीत होते. त्याच्या बाजूने पिंजऱ्यात उभे राहणे त्यांना कमीपणाचे वाटले. खोली भावाकडे गेली. गुरूने दोन साक्षीदारांसमोर एक साधा कागद केला असता तर ती गेली नसती.

शिष्याने त्यानंतर स्वतःचे मृत्युपत्र आमच्याकडून करून घेतले. त्यात स्थावर काही नाही. एक चौंडके, कवड्यांच्या दोन माळा, नेसती लुगडी, बँकेतील लहानशी ठेव आणि देवीचा जग. ठेव बहिणीच्या मुलीस. जग कोणाकडे जावा या कलमाशी त्याने आम्हांस बराच वेळ थांबविले, आणि शेवटी जे नाव सांगितले ते गुरूंकडेच शिकलेल्या एका तरुणाचे होते. त्या तरुणाच्या गळ्यात मणी बांधलेले नाहीत आणि तो ते बांधून घेणार नाही. तो दिवसा यंत्रमागावर काम करतो आणि रात्री चौंडके वाजवितो. साक्षीदार म्हणून आमचे दोन कारकून सह्या करून गेले.